ललिताबाईच्या कानातली बुलेट

नाकाडोंगरीच्या ललिताबाईला मोटरसायकल चालवता येत नाही. साधी सायकलसुद्धा येत नाही. चौतीस वर्षं ती नवऱ्याच्या बुलेटवर मागे बसत आली, दोन्ही पाय एका बाजूला सोडून, एक हात सीटच्या कडीला आणि दुसरा मांडीवरच्या पिशवीवर. पण त्या गाडीचा आवाज तिला जितका कळतो तितका तिच्या नवऱ्याला, सोमाजीला कळत नाही. यात सोमाजीचा काही दोष नाही. एकतीस वर्षं तो चिखल्याच्या खाणीत, जमिनीच्या पोटात ड्रिल चालवत होता. त्या ड्रिलनं त्याचे कान खाल्ले.

बुलेट घरी आली ती एकोणनव्वद साली, हिरव्या टाकीची, उजव्या पायाला गिअर असलेली. तेव्हा रुचिका पोटात होती आणि ललिताबाईला त्या धडधडीची भीतीच वाटे. पण रोज ऐकून ऐकून माणसाला कशाची सवय होत नाही. पहिल्या पाळीचं काम आटोपून सोमाजी निघाला की तळ्यापलीकडच्या पुलियावर गाडीचा आवाज पहिल्यांदा ऐकू यायचा. ललिताबाई लगेच चुलीवर चहाचं भांडं ठेवायची. पाण्याला उकळी फुटेस्तोवर सोमाजी दारात हजर. त्या रस्त्यानं ठेकेदाराची बुलेट जायची, जंगल खात्यातल्या एका साहेबाचीही जायची. त्या गाड्यांसाठी तिनं कधी चुकूनही चहा ठेवला नाही.

नुसती गाडीच नाही, गाडीवरचा माणूस कसा आहे तेही तिला कळे. खाणीत कुणाशी वाद झाला असेल तर सोमाजी तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ताणायचा. खुशीत असला की चढावर आधीच गिअर बदलून आरामात, डुलत यायचा. पोरीला ललिताबाई सांगायची, "आज बाबाले काही मागू नको," आणि रुचिकाला कळायचं नाही की बाबा अजून दिसलेही नाहीत तर आईला हे कुठून समजलं.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. दुपारची वेळ, ललिताबाई घरामागच्या सांदवाडीत वालाच्या वेलाला काड्या लावत होती. पुलियावर गाडी वाजली. गाडी आपलीच, पण पुलियाच्या चढावर गिअर चुकला, कर्रकन आवाज झाला आणि इंजिन मोकळंच ओरडलं. सोमाजीचा तिथे गिअर कधी चुकला नव्हता. ललिताबाईनं हातातली काडी टाकली, पायात चप्पल घातली, आठ वर्षांच्या रुचिकाला शेजारच्या आनंदाबाईच्या ओसरीवर बसवलं आणि दारात येऊन उभी राहिली. गाडीवरून खाणीतला केशवराव उतरला. काय आणि कसं सांगावं याची तो वाटभर जुळवाजुळव करत आला होता. तिनं त्याला बोलूच दिलं नाही.

"कोणत्या दवाखान्यात हायेत?" तिनं विचारलं.

छताचा दगड हातावर पडला होता. जीव वाचला, डाव्या हाताचं एक बोट अर्धं गेलं. पुढे त्या आखूड बोटानं क्लच थोडा झटक्यानं सुटू लागला आणि बुलेटच्या आवाजात एक लहानशी उडी आली. ललिताबाईनं तीही मनात नोंदवून ठेवली.

सोमाजी निवृत्त झाला त्याला आता सात वर्षं झाली. घरची दोन एकर धानाची बांधी, तळ्याचं पाणी, एक गाय, आणि ही गाडी. कान गेलेत हे मात्र त्यानं कधी कबूल केलं नाही. लग्नाच्या पंगतीत लोक हसले की तोही हसायचा, पण जरा मागाहून. कुणी काही विचारलं की "हाव हाव" म्हणून मान डोलवायचा, मग प्रश्न काहीही असो. ललिताबाई त्याच्या शेजारीच बसायची आणि समोरच्याचं बोलणं गप्पांच्या ओघात पुन्हा एकदा मोठ्यानं म्हणायची, जशी काही तीच ते पक्कं करून घेते आहे. लोकांना वाटे, बाई बडबडी आहे. तिनं ते वाटू दिलं.

परवाच्या नोव्हेंबरात धान कापून झालं होतं, बांधीत पेंढ्यांचे पुंजणे रचून झाले होते. लाखनीला रुचिकानं नवं घर बांधलं, त्याची वास्तुशांती रविवारी होती. नाकाडोंगरीहून लाखनी म्हणजे सत्तरेक किलोमीटर. जावयानं गाडी पाठवतो म्हटलं, तर सोमाजी म्हणाला, "आमची गाडी काय मेली काय?" आणि लांबच्या रस्त्यासाठी म्हणून बुधवारी त्यानं अंगणात बसून बुलेटचं ऑइल बदललं. हे काम तो कायम स्वतःच करायचा.

ललिताबाई संध्याकाळी शेतातून आली तेव्हा तो फडक्यानं हात पुसत होता. कपाळावर काळी रेघ, चेहऱ्यावर समाधान.

"पाह्य आता," म्हणाला, आणि त्यानं किक मारली.

गाडी एका किकमध्ये सुरू झाली. ललिताबाई हातपाय धुवायला विहिरीकडे निघाली होती, ती मध्येच थांबली. रोजच्या धडधडीच्या वर काहीतरी बारीक वाजत होतं. टिक टिक टिक, जशी कुणी स्टीलच्या वाटीवर काडी मारावी.

"बंद करा जी," ती म्हणाली. त्यानं ऐकलं नाही. तिनं हातानं खूण केली तेव्हा त्यानं गाडी बंद केली.

"काय झालं?"

"आवाज येऊन राहिला."

"बुलेट होय. आवाज राहीनच."

"हा नाई. वरून काही टिकटिक करते. आधी नवती."

सोमाजीनं पुन्हा किक मारली, मान वाकडी करून खूप वेळ ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाला, "कायचं काय. नवीन ऑइल हाय, जरा चालली का बसते." ललिताबाई त्याच्याकडे बघत राहिली. त्याला ती टिकटिक ऐकू येत नव्हती आणि ऐकू येत नाही हे तो सांगणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं हट्टानं त्याला स्टँडवरच्या कैलाशकडे पाठवलं आणि स्वतःही मागे बसून गेली. कैलाश तरणा मेकॅनिक, नव्या गाड्यांत हात चांगला. त्याला आवाज लगेच आला. त्यानं पट्टी बाहेर काढून ऑइल किती आहे ते पाहिलं, बरोबर होतं. डबा कोणता वापरला ते विचारलं, नेहमीचाच होता. मग टॅपेटची झाकणी उघडून टॅपेट थोडे कसले. गाडी सुरू केली तर टिकटिक तशीच.

"काका, गाडी जुनी झाली," कैलाश म्हणाला. "पिस्टन घासला असन. इंजिन खोलावं लागन पूर्ण. ठेवून जा, पंधरा दिवस लागतीन."

सोमाजीचा चेहरा उतरला. ललिताबाई मात्र म्हणाली, "पिस्टन खाली असते न बाप्पा? हा आवाज वरून येते."

"मावशी, आवाज इंजिनभर फिरते. वर आला म्हणून वरचा नसते."

कैलाश वाईट माणूस नव्हता, त्याचंही काही खोटं नव्हतं. पण मंगळवारपर्यंत गाडी ठणठणीत होती आणि बुधवारी पिस्टन घासला, हे ललिताबाईच्या मनाला पटेना. इंजिन न खोलता ते गाडी घेऊन घरी आले.

रात्रीचं जेवण व्हायच्या आधी छपरीत बसून सोमाजी म्हणाला, "रविवारी जाऊन पाहू. हळू चालवतो. काही होत नाई."

"मी या गाडीवर लाखनीले येत नाई."

"काहून?"

"टिकटिक वाढली. स्टँडवरून येता येता वाढली."

"मले तं नाई वाटलं."

ललिताबाई भाकरी थापत होती. तिनं पीठ लागलेला हात तसाच धरून त्याच्याकडे वळून म्हटलं, "तुमाले आयकू येत नाई जी."

इतक्या वर्षांत हे वाक्य त्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. रुचिकानं नाही, दवाखान्यातल्या डॉक्टरनंही इतकं सरळ नाही. आणि हे वाक्य मात्र सोमाजीनं पहिल्याच वेळी ऐकलं, कारण ती त्याच्या तोंडासमोर, मोठ्यानं बोलली होती. तो उठला, अंगणात गेला, बुलेटच्या सीटवर हात ठेवून उभा राहिला. ललिताबाईला वाटलं, आपण बोललो ते चुकलं. तव्यावरची भाकरी करपली. तिनं ती स्वतःच्या ताटात घेतली.

सोमाजी जेवला. झोपताना म्हणाला, "कवापासून मालूम हाय तुले?"

"तुमी खाणीत होते तवापासून."

"मंग बोलली काहून नाई?"

ललिताबाईनं त्याच्या अंगावर गोधडी ओढली. ती म्हणाली, "झोपा आता. सकाळी तुमसरले तुलारामभाऊकडे जाऊ."

तुलाराम हा तुमसरातला जुन्या गाड्यांचा मेकॅनिक. सोमाजीची ओळख खाणीच्या दिवसांपासूनची. पण तिथवर गाडी चालवत न्यायला ललिताबाईनं साफ नाही म्हटलं. "आतमंदी काही घासून राहिलं असन तं आणखी घासन," ती म्हणाली. शेजारचा निकेश आपल्या पिकअपमध्ये धानाचे पोते घेऊन तुमसरला निघाला होता. चार माणसांनी बुलेट उचलून पोत्यांच्या मध्ये दोरीनं बांधली. दोघं पुढे निकेशच्या बाजूला बसले. सोमाजी वाटभर मागच्या काचेतून गाडीकडे बघत होता. रस्त्यात ओळखीचं कुणी दिसलं की मान फिरवायचा. त्याची बुलेट दुसऱ्याच्या पाठीवर बसून चालली होती, हे त्याला फार लागलं होतं.

तुलारामचं शेड टिनाचं, आत जुन्या टाक्या आणि चाकं टांगलेली. साठीतला माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यानं गाडी सुरू करायच्या आधी खाट सरकवली, चहा सांगितला आणि विचारलं, "काय तकलीफ हाय?"

सोमाजीनं ललिताबाईकडे बोट दाखवलं. "इले विचार. मले आयकू येत नाई."

तो हे इतक्या सहज बोलला की ललिताबाईला आधी समजलंच नाही. मग ती तुलारामला सांगू लागली. कधीपासून येतो, थंड गाडीत कमी आणि गरम झाली की जास्त, रेस दिली की जलद वाजतो, कैलाशनं टॅपेट कसले तरी गेला नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वरून येतो. तुलारामनं तिचं पूर्ण ऐकून घेतलं. तिचं संपल्यावर त्यानं गाडी सुरू केली, लांब पेचकस घेतला, त्याचं टोक इंजिनच्या खालच्या अंगाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. मग टोक मधोमध, मग अगदी वर, हेडवर. तिथे त्यानं मान हलवली.

"वयनी, तुमीपण पाहा."

ललिताबाईनं पदर सावरून पेचकसाची मूठ कानाला लावली. खाली नेहमीचीच गाडी होती, भरदार, ओळखीची. वर टोक ठेवताच टिकटिक इतकी जवळ आली की तिनं झटकन कान मागे घेतला.

"हाच," ती म्हणाली.

"बरोबर हाय तुमचं. पिस्टन चांगला हाय." तुलारामनं गाडी बंद केली. "वरती ऑइल पोचून नाई राहिलं. लोखंडावर लोखंड कोरडं वाजून राहिलं. खालून वर ऑइल नेणारी ही बारीक नळी. सोमाजीभाऊ, ऑइल बदलताना तुमी हिचा नट खोलला होता काय?"

ललिताबाईनं प्रश्न मोठ्यानं पुन्हा सांगितला. सोमाजी खाटेवर हलला. अर्ध्या बोटाचा हात दुसऱ्या हातात घेऊन चोळू लागला.

तुलारामनं नळीचा वरचा नट सोडला. नट पोकळ होता आणि त्याच्या अंगाला ऑइल जायला बारीक भोक. त्या भोकात राखाडी रंगाचा, वाळून घट्ट झालेला गोळा बसला होता. तुलारामनं सुईनं तो टोकरला आणि तळहातावर घेऊन दोघांना दाखवला.

"हे तं पेस्ट होय. ऑइल गळू नये म्हणून पॅकिंगले लावतात ते."

"मीच लावलं," सोमाजी म्हणाला.

"काहून जी?" ललिताबाईनं विचारलं.

"गळत होतं तिथून. थेंब थेंब." तो तिच्याकडे न बघता तुलारामशीच बोलत होता. "ही अंगण सारवते. गाडी उभी केली का कारे डाग पडतात. हर दिवाळीले बोलते. यंदा तं सणाच्या दिवशी बोलली. मंग म्या म्हटलं, ऑइल बदलूनच राहिलो तं तेही बंद करून टाकू. सगळीकडून भरलं पेस्ट."

ललिताबाईला आठवलं. दिवाळीच्या सकाळी रांगोळीच्या ठिपक्यांत मधोमध एक ऑइलचा डाग होता आणि ती बरंच काही बोलली होती. "एवढं जुनं धूड कायले ठेवलं घरात," हेही त्यात होतं. तिला वाटलं होतं, त्याला ऐकूच गेलं नसेल.

तिला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं, म्हणून तिनं चहाचा कप तोंडाला लावला. कपात चहा उरला नव्हता.

तुलारामनं नळी काढून पेट्रोलनं धुतली, बारीक तार घालून आरपार साफ केली, तांब्याचे नवे वायसर टाकले. झाकणं उघडून वरचे भाग पाहिले, एका ठिकाणी घासल्याची बारीक खूण होती. ती त्यानं सोमाजीला बोटानं दाखवली आणि म्हणाला, "लाखनीपर्यंत गेले असते तं हे सगळं बदलावं लागलं असतं. रस्त्यातच बसले असते दोघं." मग हातानं वरून ऑइल सोडलं, सगळं बंद केलं, पण वरचा नट थोडा ढिला ठेवला आणि गाडी सुरू केली. तिघंही त्या नटाकडे बघत राहिले. एक मिनिट गेलं. मग नटाच्या कडेनं सोनेरी ऑइल हळूच बाहेर आलं. तुलारामनं नट कसला.

टिकटिक लगेच गेली नाही. मंद होत होत गेली. ललिताबाई डोळे मिटून उभी होती. सोमाजी इंजिनकडे बघतच नव्हता, तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. तिचं कपाळ मोकळं झालं तेव्हा त्यानं विचारलं, "गेली?"

"गेली."

तेवढ्यात तुलारामला काहीतरी सुचलं. त्यानं पेचकस पुसला, टोक हेडवर ठेवलं आणि सोमाजीला म्हणाला, "भाऊ, मूठ दातात धरा."

"काय?"

"दातात. माया बुढा बाप असाच पाहायचा, म्हतारपणी त्याचेही कान गेले होते."

सोमाजीनं संकोचत मूठ दातांत धरली आणि वाकून उभा राहिला. गाडीचा ठोका दातांतून जबड्यात आणि जबड्यातून पार डोक्यात गेला. तो बराच वेळ तसाच वाकलेला होता. तुलारामनं रेस कमी केली, जास्त केली. सोमाजीनं मूठ सोडली आणि बाहीनं तोंड पुसलं.

"ही अशी वाजते," तो म्हणाला. "मी इसरूनच गेलो होतो."

रविवारी ते बुलेटवरच लाखनीला गेले. सकाळच्या धुक्यात तळ्यांवर बदकं उतरलेली, हायवेला लागल्यावर ट्रकांच्या रांगा. निघताना सोमाजीनं तिला सांगून ठेवलं होतं, "मागून ट्रक आला तं उजव्या खांद्यावर हात मार. गाडीत काही बदललं तं डाव्या." ती बारा-तेरा वेळा उजव्या खांद्यावर मारत गेली. डाव्या खांद्यावर एकदाही नाही.

नव्या घरात पाहुणे जमले होते. जावयाच्या काकांनी सोमाजीला काही विचारलं. ललिताबाई सवयीनं पुढे सरकली, पण सोमाजीनंच कानामागे हात धरला आणि म्हणाला, "जोरानं बोला जी. खाणीत कान गेले माये." काका मोठ्यानं बोलले. सोमाजीनं बरोबर उत्तर दिलं, आणि लोक हसले तेव्हा तोही त्यांच्यासोबतच हसला. रुचिका स्वयंपाकघराच्या दारात ताट घेऊन उभी होती. ती आईकडे बघत राहिली. "काय केलं वो माय तू बाबाले?" तिनं हळूच विचारलं. ललिताबाई म्हणाली, "म्या काय केलं? तुलारामभाऊनं गाडी दुरुस्त केली."

पुढच्या महिन्यात सोमाजी भंडाऱ्याला जाऊन कान तपासून आला. कानाचं यंत्र आता तो घालतो, पण शेतात जाताना काढून ठेवतो. म्हणतो, पाखरं फार ओरडतात.

आणि जानेवारीत एकदा ललिताबाई सांदवाडीत लाखोळीची भाजी खुडत असताना तिचा फोन वाजला. तुलाराम होता. त्याच्याकडे गोंदियाहून कुणाची तरी जुनी बुलेट आली होती, तीन दिवस झाले आवाज सापडत नव्हता.

"वयनी, जरा आयका," तो म्हणाला आणि त्यानं फोन इंजिनजवळ धरला.

ललिताबाईनं भाजीची टोपली खाली ठेवली, दुसऱ्या कानात बोट घातलं आणि मन लावून ऐकलं. फोनमध्ये कुठली तरी परकी गाडी धडधडत होती. खूप वेळ ऐकून ती म्हणाली, "भाऊ, हे मले नाई समजत. मले आमचीच समजते."

तिकडे तुलाराम हसला. म्हणाला, बरं, मग आपली कशी आहे ते सांगा. ती म्हणाली, थांबा, आत्ताच पुलियावर आली. आणि फोन कानाला तसाच धरून ती चहा ठेवायला आत गेली.